घरी बांधलेल्या विमानाला आकाश कधी मिळतं?

२०१४ साली जुहूहून लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीकडे सी-प्लेन सुरू झालं, तेव्हा पुढच्या ठिकाणांच्या यादीत मुळा धरणाचं नाव होतं. शिर्डी आणि शनिशिंगणापूरच्या भाविकांना मुंबईहून थेट राहुरी तालुक्यातल्या या पाण्यावर उतरवायचं, अशी ती योजना होती. नियमित सेवा म्हणून सी-प्लेनच टिकलं नाही. ते विमान कारखान्यात तयार झालेलं, सगळे दाखले हाती असलेलं आणि कंपनीच्या मालकीचं होतं. या लेखाचा विषय त्याच्या शेजारचा असला तरी बराच वेगळा आहे. एखाद्यानं स्वतःच्या हातांनी बांधलेलं, किंवा दुसऱ्यानं बांधलेलं विकत घेतलेलं आणि ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गात नोंदवलेलं विमान राहुरीसारख्या गावातल्या माणसाला बाळगता येईल का, उडवता येईल का, आणि आज ते इतकं अवघड का आहे, हे मला पाहायचं आहे.

कारखान्यातून येणाऱ्या विमानाला आधी टाइप सर्टिफिकेट मिळवावं लागतं. त्याचा आराखडा, पंखाची ताकद, इंधनाची नळी, बोल्टचा धातू, इंजिन बंद पडल्यावर ते कसं वागतं, हे सगळं सरकारी यंत्रणेसमोर सिद्ध करायचं असतं. नंतर प्रत्येक नग त्याच आराखड्याबरहुकूम निघतो, याचीही हमी द्यावी लागते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेचं ‘हंसा’ या दोन आसनांच्या छोट्या प्रशिक्षण विमानाचा पहिला नमुना १९९३ मध्ये उडाला. त्यातल्या ‘हंसा-३’ला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, म्हणजे डीजीसीएचं प्रमाणपत्र मिळालं २००० साली. देशाची अख्खी प्रयोगशाळा मागे उभी असताना जिथे इतकी वर्षं गेली, तिथे एकट्या माणसानं हा रस्ता धरायचा म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही.

म्हणून जगात दुसरी वाट काढली गेली, ‘एक्सपेरिमेंटल’ वर्गाची. त्यातल्या विमानाची रचना कोणत्याही ठरलेल्या मानकावर सिद्ध झालेली नाही, हे सरकारला, मालकाला आणि शेजारी बसणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. ते उघडपणे मान्य करून त्या विमानावर बंधनं घालायची आणि त्या बंधनांच्या आत त्याला उडू द्यायचं, हे या वर्गाचं तत्त्व. अमेरिकेत या वर्गाचे पोटभाग आहेत: संशोधनासाठीची विमानं, शर्यतीची, प्रदर्शनाची (जुनी लष्करी जेट विमानं खासगी मालकांकडे असतात ती बहुधा इथे), आणि हौशी माणसांनी बांधलेली. आपला संबंध मुख्यतः या शेवटच्या प्रकाराशी.

तिथला नियम असा, की विमानाचं निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केलेलं असलं पाहिजे. किट विकत आणता येतं, पण पैसे मोजून दुसऱ्याकडून सगळं बांधून घेता येत नाही. बांधणारा प्रत्येक टप्प्याची नोंद आणि फोटो ठेवतो. शेवटी तपासनीस येऊन ते पाहतो. मग चाचणीचा काळ सुरू होतो. इंजिन आणि प्रोपेलरची जोडी प्रमाणित असेल तर साधारण २५ तास, नसेल तर ४० तास, नेमून दिलेल्या विरळ वस्तीच्या भागातच उडायचं आणि प्रवासी घ्यायचा नाही. वेग किती कमी झाला की पंखाची उचल सुटून विमान स्टॉल होतं, किती अंतरात जमीन सोडतं, वजन मागे सरकलं तर नाक कसं वागतं, हे त्या तासांत तपासून लॉगबुकमध्ये लिहायचं. तो काळ संपला की प्रवासी बसवता येतो, पण भाडं कधीच घेता येत नाही. विमान प्रमाणित विमानांच्या मानकांनुसार नाही, अशी सूचना प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. दरवर्षी तपासणी असते, आणि ज्यानं विमान बांधलं त्याला ती तपासणी स्वतः करण्याचा दाखला मिळतो.

या व्यवस्थेमागे पॉल पोबेरेझनी यांनी १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सुरू केलेली एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन आहे. तिचा मेळावा १९७० पासून ऑशकॉश या गावी भरतो. तिथे सुतार, शिक्षक, शेतकरी आपापली विमानं घेऊन येतात आणि रिव्हेट कसा मारायचा इथपासून एकमेकांना शिकवतात. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हन यांच्या कंपनीच्या किटवरून बांधलेली दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत. बर्ट रुटान यांचं ‘व्हॉयेजर’ याच परंपरेतलं: डिसेंबर १९८६ मध्ये कुठेही न उतरता, हवेत इंधन न भरता त्यानं पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. ब्रिटनची पद्धत थोडी वेगळी, आणि मला आपल्या दृष्टीनं अधिक उपयोगाची वाटते. तिथे लाइट एअरक्राफ्ट असोसिएशन ही संस्था बांधणाऱ्यांवर देखरेख ठेवते, तिचे निरीक्षक टप्प्याटप्प्यानं काम तपासतात आणि त्यांच्या भरवशावर ‘परमिट टू फ्लाय’ मिळतं. सरकार संस्थेवर लक्ष ठेवतं, संस्था माणसांवर. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मल्याळी अभियंत्यानं लॉकडाऊनच्या काळात घराशेजारी चार आसनी स्लिंग विमान बांधलं, आणि २०२२ मध्ये त्याच्या कुटुंबाच्या युरोपभरच्या सहलींच्या बातम्या भारतात पोचल्या. खर्च सुमारे १ लाख ४० हजार पौंड सांगितला गेला, म्हणजे सव्वा कोटी रुपयांच्या वर. पैसे त्याचे, कष्ट त्याचे. पण त्याला सुमारे दीड-दोन वर्षांत हे जमलं, यात तिथल्या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे.

आता महाराष्ट्र. इथला सगळ्यात ठळक माणूस म्हणजे कॅप्टन अमोल यादव. अमेरिकेत विमान चालवण्याचं शिक्षण घेतलेले, पेशानं प्रवासी विमानांचे वैमानिक. त्यांनी कांदिवलीच्या चारकोपमध्ये, आपल्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. त्याआधीचे दोन प्रयत्न पूर्णत्वाला गेले नव्हते. हे तिसरं, म्हणून नाव टीएसी-००३. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईत ‘मेक इन इंडिया’ सप्ताह होता, तेव्हा ते सुटं करून गच्चीवरून खाली आणलं गेलं आणि वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी ते पाहिलं. नोंदणी मात्र अनेक वर्षं अडली होती. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये व्हीटी-एनएमडी या क्रमांकानं ती झाली. त्यानंतर परमिट टू फ्लाय ऑक्टोबर २०१९ मध्ये मिळालं, आणि ऑगस्ट २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवरून विमान हवेत गेलं.

या तारखा सलग वाचल्या की एक गोष्ट डोळ्यांत भरते. विमान तयार होऊन लोकांसमोर उभं राहिल्यापासून ते उडेपर्यंत साडेचार वर्षं गेली, आणि ती गच्चीवरच्या कामात गेली नाहीत. मुख्यमंत्र्यांपासून पंतप्रधानांपर्यंत पाठपुरावा झाला तेव्हा फाईल हलली. यादवांच्या चिकाटीचं कौतुक करावं तेवढं थोडंच आहे. पण ज्या वाटेवर चालायला मुख्यमंत्र्यांचा आधार लागतो, ती सगळ्यांसाठीची वाट होऊ शकत नाही. राहुरी फॅक्टरीजवळ वर्कशॉप चालवणारा तरुण मंत्रालयात किती खेटे घालणार?

इथे शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघणं अपरिहार्य आहे. १८९५ साली त्यांनी गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, असं मराठी माणूस अभिमानानं सांगतो. त्या उड्डाणाचा विश्वासार्ह पुरावा उपलब्ध नाही. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार या कथेला दिला जातो, त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं. तळपद्यांच्या तळमळीबद्दल मला आदर आहे. तरीही आपला अभिमान चौपाटीवरून धुळ्याला हलवावा, असं मला मनापासून वाटतं. धुळ्याच्या उड्डाणाला नोंदणी क्रमांक आहे, परवाना आहे, तारीख आहे. एक्सपेरिमेंटल वर्ग असतो तो असा पुरावा तयार व्हावा म्हणून.

दुसरी घटना आठवली की आजही अस्वस्थ व्हायला होतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीच्या एका तरुण कारागिरानं स्वतःच्या कल्पनेनं हेलिकॉप्टर बांधलं. पत्र्याच्या आणि वेल्डिंगच्या कामात हात बसलेला, शिक्षण शाळेतच सुटलेलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पंख्याचं पातं तुटून त्याच्या डोक्याला लागलं आणि तो गेला. त्याच्या बुद्धीबद्दल तेव्हा सगळे भरभरून बोलले. परंतु फिरत्या पात्यावर येणारा ताण किती, धातूला थकवा कसा येतो, पहिल्या चाचणीला माणूस आत न बसवता यंत्र जमिनीला बांधून कसं फिरवायचं, हे त्याला सांगू शकेल असं कुणी त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. नियम नसले म्हणजे माणूस मोकळा होतो, ही समजूत या घटनेपुढे टिकत नाही. एका टोकाला यादवांसारखा वर्षानुवर्षे कागदांशी झगडणारा वैमानिक, दुसऱ्या टोकाला फुलसावंगीचा एकाकी कारागीर. मधल्या पायऱ्याच बांधलेल्या नाहीत. माझ्या मते हा सगळा प्रश्न त्या मधल्या पायऱ्यांचा आहे.

विमान बांधायचं नाही, नुसतं बाळगायचं आहे, असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेचा अनुभव नीट वाचावा. तिथल्या अपघात-तपास मंडळानं २०१२ मध्ये हौशी विमानांचा मोठा अभ्यास केला. सामान्य विमानांच्या ताफ्यात ही विमानं साधारण १० टक्के. पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत २१ टक्के निघाला. इंजिन बंद पडणं आणि हवेत ताबा सुटणं, ही मुख्य कारणं. त्या वर्षी ज्या अपघातांचा तपास झाला त्यांतली निम्म्याहून अधिक विमानं सध्याच्या मालकानं बांधलेली नव्हती, ती विकत घेतलेली होती. नव्या मालकाच्या पहिल्याच उड्डाणात कोसळलेलीही काही त्यात होती.

याचं कारण समजून घ्यायला एक उदाहरण पुरेसं आहे. गायक जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ लाँग-ईझी या विमानात गेले. ते विमान दुसऱ्यानं बांधलेलं होतं आणि डेन्व्हर यांनी नुकतंच घेतलं होतं. एका टाकीतून दुसऱ्या टाकीवर जाण्याचा फ्युएल सिलेक्टर मूळ आराखड्यात वैमानिकाच्या पायांच्या मध्ये होता. बांधणाऱ्यानं तो डाव्या खांद्यामागे बसवला होता. मान आणि अंग वळवल्याशिवाय तिथे हात पोचत नसे, आणि वळताना पायानं नकळत रडर पेडल दाबलं जाण्याचा धोका. टाकीत इंधन किती आहे हे उड्डाणाआधी पुरतं पाहिलं गेलं नाही, या विमानाचं पुरेसं प्रशिक्षणही झालं नव्हतं. कारखान्याच्या विमानात कळ कुठे असावी हे मानक ठरवतं. घरच्या विमानात ते बांधणाऱ्याच्या मनावर असतं, आणि त्याच्या मनातलं सगळं कागदावर उतरलेलं असतंच असं नाही. त्याला मिळालेला तपासणीचा दाखलाही विमानाबरोबर खरेदीदाराकडे जात नाही. असं विमान घेणाऱ्यानं रंग आणि उपकरणं पाहण्याआधी बांधणीची वही मागावी. वही नसेल तर व्यवहार सोडून द्यावा.

भारतात या सगळ्यावर डीजीसीएचा अधिकार चालतो. १९३४ चा जुना विमान कायदा जाऊन त्याच्या जागी भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ आला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. छोट्या विमानांत आपल्याकडे सर्वांत रुळलेला प्रकार मायक्रोलाइटचा: जास्तीत जास्त दोन आसनं, उड्डाणावेळचं एकूण वजन ४५० किलोपर्यंत. बंगळूरच्या राजहंस कंपनीची एक्स-एअर विमानं अनेक क्लबांनी वापरली. खासगी वैमानिक परवान्यासाठी वय किमान १७, दहावी उत्तीर्ण, वैद्यकीय तपासणी आणि किमान ४० तासांचं उड्डाण लागतं. इथवर वाट मळलेली आहे. स्वतः बांधलेल्या विमानापाशी ती अरुंद होते, कारण बांधणी सुरू असताना गावाजवळ येऊन ती पाहील असा निरीक्षक आपल्याकडे उपलब्ध नाही. माणूस आधी सगळं बांधतो आणि मग परवानगी मागायला जातो. त्या वेळी बंद झालेल्या पंखाच्या आत काय आहे हे अधिकाऱ्याला दिसत नाही. त्याची सही करण्याची भीती मग समजण्यासारखी आहे.

आता ही गोष्ट राहुरीच्या जमिनीवर आणून पाहू. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटरवर. मे महिन्यात पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते, की पंख आणि इंजिन जणू १५०० मीटर उंचीवर असल्यासारखे वागतात. धाव लांबते, चढण्याचा वेग घटतो. कमी ताकदीच्या इंजिनात दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन दुपारी उडणं धोक्याचं. पहाटेची वेळ धरायला हवी. धावपट्टीसाठी काळी जमीन कामाची नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि विमानाचं पुढचं छोटं चाक भेगेत अडकलं तर प्रोपेलर जमिनीला लागतो. मुरमाड माळ शोधून पाणी मारून रोलर फिरवावा लागेल.

इंधनाची अडचण तर थेट आपल्या शेताशी जोडलेली आहे. विमानाचं खास पेट्रोल, एव्हगॅस १००एलएल, आधी पूर्णपणे आयात होत असे. सप्टेंबर २०२२ पासून इंडियन ऑइल ते वडोदऱ्याला बनवते, पण ते विमानतळांवर आणि प्रशिक्षण संस्थांकडे जातं, गावच्या पंपावर मिळत नाही. मायक्रोलाइटमध्ये सर्रास बसणारी रोटॅक्स ९१२ मालिकेतली इंजिनं साध्या पेट्रोलवर चालतात, मात्र निर्मात्यानं इथेनॉलची मर्यादा १० टक्के ठरवली आहे. देशभरच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं बरंच इथेनॉल नगर जिल्ह्यातल्यासारख्या साखर पट्ट्यातून येतं. ऊस उत्पादकाला दोन पैसे देणारं हेच इथेनॉल पाणी शोषून घेतं, काही रबरी सील आणि फायबरच्या जुन्या टाक्यांचं रेझिन खराब करतं. मोटरसायकलचं इंजिन अडखळलं तर आपण कडेला थांबतो. छोट्या विमानाला ती सवलत नाही.

आकाशही मोकळं नाही. नगर, पारनेर आणि राहुरी तालुक्यांत लष्कराचं के. के. रेंज हे तोफा-रणगाड्यांचं सराव क्षेत्र आहे, आणि त्याच्या विस्ताराविरुद्ध राहुरीच्या गावांनी केलेली आंदोलनं सगळ्यांना आठवत असतील. वायव्येला काकडीचा शिर्डी विमानतळ १ ऑक्टोबर २०१७ पासून सुरू आहे, म्हणजे त्याच्या भोवतालच्या हवाई क्षेत्रात नियंत्रकाच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. या दोहोंच्या मधून चाचणीचं क्षेत्र आखायचं तर नकाशा घेऊन लष्कर आणि विमानतळ, दोघांशी बोलावं लागेल.

असं असूनही मी राहुरीबद्दल आशा धरतो, त्याचं कारण ड्रोन आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या ड्रोन नियमांत देशाचं आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल क्षेत्रांत आखलं गेलं. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. संशोधन करणाऱ्या मान्य संस्थांना, स्टार्टअपना आणि उत्पादकांना ठरावीक मर्यादेत टाइप सर्टिफिकेटशिवाय ड्रोन उडवून पाहण्याची सूट मिळाली. एक्सपेरिमेंटल वर्गाचं जे तत्त्व, तेच हे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं फवारणीच्या ड्रोनवर काम केलं, ड्रोन चालवण्याचं प्रशिक्षण सुरू केलं, आणि परिसरातल्या शेतकऱ्याला आता त्याचं नवल राहिलेलं नाही. ड्रोनमध्ये माणूस बसत नाही, हा फरक मोठा आहे, तो मी कमी लेखत नाही. पण सरकारनं आधी मर्यादा आखून मग मोकळीक दिली, तेव्हा काही वर्षांत केवढं काम उभं राहिलं, हे याच तालुक्यानं पाहिलं आहे.

तंत्रज्ञानही फार लांब नाही. नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचा ‘निशांत’ या मानवरहित विमानाच्या ५५ अश्वशक्तीच्या वँकेल इंजिनात सहभाग होता. त्या इंजिनावर २००९ मध्ये कोलारला चाचणी उड्डाण झालं. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथे आयुष्यभर रिव्हेट, जोड आणि तडे तपासलेली निवृत्त माणसं नाशिक परिसरात आहेत. ब्रिटनच्या धर्तीवर एखाद्या संस्थेला डीजीसीएनं अधिकार दिला आणि अशा माणसांना निरीक्षक नेमलं, तर बांधणाऱ्याच्या शेडमध्ये पंख बंद होण्याआधी कुणीतरी आत डोकावून पाहील. सही करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर मग कोरं विमान येणार नाही, तपासलेल्या टप्प्यांची फाईल येईल. बांधणी चुकीची असेल तर ती तिथेच थांबवली जाईल, आणि ते थांबवणंही मला उड्डाणाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

ज्याला आजच सुरुवात करायची आहे, त्यानं आधी उडायला शिकावं. पुण्यात हडपसरला डीजीसीएचं स्वतःचं ग्लायडिंग सेंटर आहे; इंजिनाशिवाय उडताना वाऱ्याची आणि स्टॉलची जी समज येते ती पुस्तकातून येत नाही. पुढे धुळ्यासारख्या प्रशिक्षण केंद्रात परवान्याचे तास. बांधणी त्यानंतर, तीही शक्यतो पुष्कळांनी बांधून उडवलेल्या किटवरून. स्वतःचा आराखडा दुसऱ्या विमानासाठी राखून ठेवावा. पहिल्या उड्डाणाला एकट्यानंच बसायचं, हा अमेरिकेतला जुना दंडकही तिथल्या यंत्रणेनं २०१४ मध्ये सैल केला आणि चाचणीच्या काळात पात्र असा दुसरा वैमानिक सोबत घ्यायला मुभा दिली. आपल्याकडे देखरेखीची व्यवस्था आखताना ही तरतूद पहिल्या दिवसापासून घालावी. धुळ्यातले प्रशिक्षक त्या दुसऱ्या आसनावर बसू शकतील.